अंगावर काढलेलं दुखणं आणि 70 मिलिमीटरची रिंग

बायकांचं अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भपिशवी किंवा मूत्राशय योनीतून खाली उतरतं, त्याला टेकू द्यायला आत घालायची ही रिंग. मी ती पहिल्यांदा ऑनलाइन बघितली तेव्हा तिच्याखाली चौदा अभिप्राय होते. नऊ जणांनी लिहिलेलं, पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेत. एकानं पाच तारे देऊन खाली ‘अजून वापरली नाही’ असं टाकलेलं. एका बाईनं नुसतंच ‘ठीक’. ती घालायची कशी, आत राहते का, लघवीला बसल्यावर काय होतं, यातलं एक अक्षर नाही. म्हणून मी लिहायला बसलेय. नाव लिहिणार नाही. सांगली काही एवढी मोठी नाही.

मी विश्रामबागेत डबे देते. सकाळी बेचाळीस, रात्री अठ्ठेचाळीस. बहुतेक इंजिनिअरिंगची पोरं, थोडे बँकेतले बदलीवाले. दिवसाला साडेतीनशे-पावणेचारशे चपात्या होतात, म्हणजे अकरा-बारा किलो कणीक. मदतीला एक मावशी आहेत, पण पहाटे साडेचारला ओट्याशी उभी राहते ती मीच, आणि रात्रीचा शेवटचा डबा गेला की साडेनऊला खाली बसते. वय 51. तीन बाळंतपणं, तिन्ही नॉर्मल, पण पहिल्याला चिमटा लावावा लागला होता. पोरगं पावणेचार किलोचं. पाळी बंद होऊन तीन वर्षं झाली. हे सगळं सांगतेय कारण डॉक्टरांनी हेच विचारायला हवं होतं आणि पहिल्या तिघांनी विचारलं नाही.

सुरुवात दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीत झाली. उकडीच्या मोदकांची ऑर्डर होती, दिवसभर उभी. रात्री मोरीत भांडी घासायला पाटावर बसले तर उकडलेल्या अंड्यावर बसल्यासारखं वाटलं. उठले, पातळ झटकलं, पाटाखाली काही आलंय का बघितलं, परत बसले. परत तेच. त्यानंतर रोज संध्याकाळ झाली की ओटीपोटात जड व्हायचं, खाली कुणी ओढतंय असं. लघवी होऊनही झाली नाही असं वाटायचं. उठून दोन पावलं चालून परत बसलं की आणखी थोडी व्हायची. शी अडायची. आणि रात्री आडवी झाले की पंधरा मिनिटांत सगळं जागच्या जागी. सकाळी उठल्यावर तर इतकं बरं वाटायचं की मला माझाच संशय यायचा.

एका रात्री शेवटचे डबे गेल्यावर बाथरूमची कडी लावली आणि हातात छोटा आरसा धरून बघितलं. गुलाबी, ओलसर, लिंबाएवढा फुगवटा, अगदी तोंडाशी. बोटानं दाबला तर आत गेला, खोकले तर परत आला. मी घाबरले म्हणण्यापेक्षा जरा सुटल्यासारखंच झालं. म्हणजे मनाचे खेळ नव्हते. अंग बाहेर येतंय, हे शब्द लहानपणी आजीच्या तोंडून ऐकले होते, शेजारच्या कुणा म्हातारीबद्दल, तेही कुजबुजत. ते आपल्याला लागू होतील असं डोक्यातही आलं नव्हतं.

आता डॉक्टर. नावं देत नाही, देऊन उपयोगही नाही.

पहिले आमचे नेहमीचे. त्यांनी खुर्चीतूनच सांगितलं, वयोमानानं होतं असं, वजन उतरवा. माझं वजन 61 आहे.

दुसऱ्या बाई, स्त्रीरोगतज्ज्ञ. सकाळी अकराची वेळ मिळाली. त्या दिवशी मी मुद्दाम सकाळचे डबे जावेवर सोपवून गेले, अंघोळ करून, नीट आराम करून. हीच माझी चूक झाली, पण ते कळायला पुढे सहा महिने गेले. टेबलावर आडवी केली, बघितलं, ‘थोडं सैल आहे हो, तीन मुलं झाल्यावर एवढं चालायचंच.’ मी म्हटलं, मॅडम, संध्याकाळी बाहेर येतं, हाताला लागतं. त्या हसल्या. ‘मनाला फार लावून घेता तुम्ही. झोप लागते का?’ कॅल्शियम आणि रात्री घ्यायची एक बारीक गोळी लिहून दिली. ती गोळी कशाची ते पोरीनं नंतर सांगितलं. घबराटीवरची होती.

तिसऱ्यांनी सोनोग्राफी सांगितली. ती पण आडवं झोपवूनच करतात. रिपोर्ट नॉर्मल. तरी ते म्हणाले, त्रास होतोय ना, मग पिशवी काढून टाकू, तीन मुलं झाली, आता काय करायचीय तिला? हात लावून तपासणी नाही, प्रश्न नाही, सरळ तारीख. मला 2019 सालच्या बीडच्या बातम्या आठवल्या, ऊसतोडीच्या बायकांच्या पिशव्या कशा भराभरा काढल्या गेल्या त्या. एकानं काही नाही म्हणून घरी पाठवायचं आणि एकानं काही न बघता कापायला काढायचं. मी ‘मालकांना विचारून सांगते’ म्हणून उठले. मालकांना विचारायचं काही नव्हतं, पण हे वाक्य म्हटलं की कुठलाही डॉक्टर पुढे बोलत नाही.

मधल्या काळात माझ्या सासूबाई आठवत राहिल्या. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. नऊवारीचा काष्टा असा घट्ट मारायच्या की मी नवी असताना हसायचे. दोरीवर त्यांचं एक लांब, जुन्या लुगड्याचं फडकं वेगळं वाळत असायचं, साडीच्या आड. त्यांची पाळी तर कधीच गेलेली. ते कशाला लागतं हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पाणी भरायला वाकायच्या आधी एक हात पुढून ओटीखाली दाबायच्या. मला वाटायचं सवय आहे. आता माझाही हात तिथंच जातो.

पोरगी नर्सिंगला आहे. तिला सांगितलं तेव्हा ती आधी रागावली, एवढे दिवस का नाही बोललीस म्हणून. मग तिनं गडचिरोलीची गोष्ट सांगितली. डॉक्टर राणी बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या होत्या, 1989 साली ते लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापून आलं. 92 टक्के बायकांना कसला ना कसला स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. म्हणजे बाकीच्यांनी दुखणं अंगावरच काढलेलं. मी म्हटलं, ते गडचिरोलीचं झालं, मी तर तीन डॉक्टर केले. ती म्हणाली, ‘आई, तीन डॉक्टर झाले, तपासणी एकच झाली, आणि तीपण चुकीच्या वेळी.’

त्याच आठवड्यात मी शहाणपणा करून रिंग मागवली. पोरीला न विचारता. साधी, मधे मोकळी, 60 मिलिमीटरची. तीच का? तर तिच्यावर सूट होती. घालता आली, कौतुकही वाटलं, दुपारपर्यंत राहिली. संध्याकाळी भारतीय संडासात बसले, थोडं कुंथले आणि टप्पकन आवाज आला. पाणी ओतायच्या आधी दिसली म्हणून बरं, नाहीतर प्लंबरला काय सांगितलं असतं? चिमट्यानं काढली, कागदात गुंडाळली, कचऱ्यात टाकली. परत घेत नाहीत, ते तिथं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एका ताऱ्याचीही लायकी नाही, पण तो दोष रिंगेचा नव्हता. अंदाजानं चप्पल घेता येते, ही नाही.

चौथ्या डॉक्टर पोरीच्या सरांनी सुचवल्या. मी फोनवर एकच मागणं केलं, मला संध्याकाळची सगळ्यात शेवटची वेळ द्या. त्या दिवशी अख्खं काम केलं. रात्रीचे डबे मावशींच्या हवाली करून सात वाजता तशीच गेले, हाताला कणकेचा वास.

सोबत वही नेली होती, डब्यांच्या हिशोबाची. उजव्या बाजूला उधारी, डाव्या बाजूला मी दोन आठवडे लिहीत होते: किती वाजता जड वाटलं, किती वाजता हाताला लागलं, त्याआधी काय उचललं, लघवीला किती वेळा, शीला बोटानं आधार द्यावा लागला का. हे लिहायला लाज वाटली, म्हणून खुणा केल्या होत्या. फुली म्हणजे बाहेर आलं, गोल म्हणजे बोट लावावं लागलं. डॉक्टरांनी ती वही ओढून घेतली आणि पान न पान वाचलं, उधारीसकट. म्हणाल्या, ‘काकू, फुल्या साडेपाचच्या आधी नाहीतच. आणि सिलिंडर बदलला त्या दिवशी दुपारीच आहे.’ एवढ्यावर माझे डोळे भरून आले. काही विशेष बोलल्या नव्हत्या त्या. वाचलं होतं फक्त.

आधी लघवी करून यायला सांगितलं. मग आडवी करून तपासलं, खोकायला लावलं, कुंथायला लावलं. मग म्हणाल्या, आता उठा, उभ्या राहा, एक पाय या स्टुलावर ठेवा आणि जोरात खोका. मी उभं राहून कधी तपासून घेतलं नव्हतं. खोकले. त्यांनी एक मापाची पट्टी लावली आणि सांगितलं, आडवं असताना जे तोंडापासून दोन सेंटिमीटर आत होतं, ते उभं राहून एक सेंटिमीटर बाहेर आलंय. अंग किती उतरलंय त्याच्या पायऱ्या असतात: माझी आडवीची पहिली, उभीची दुसरी. पुढची भिंत सैल पडून मूत्राशय त्यातून खाली उतरलंय, पिशवी थोडीशी, मागची भिंत त्याहून थोडीशी. ‘तुमच्या आधीच्या मॅडम खोटं नाही बोलल्या, त्यांनी सकाळी अकरा वाजताचं बघितलं.’ ही त्यांची सभ्यता. मी एवढी सभ्य नाही. पेशंट सांगते संध्याकाळी येतं, तर संध्याकाळी बोलवावं, एवढं तर डबेवालीलाही कळतं.

ऑपरेशनबद्दल मीच विचारलं. त्यांनी सांगितलं की करायचं तर करता येतं, पण या पायरीला घाई नाही, आणि केल्यावरही काही जणींचं पुन्हा उतरतं, त्यामुळे वजनं उचलणं तेव्हाही थांबवावंच लागेल. पिशवी काढलीच पाहिजे असंही नाही. गोव्याचे विठ्ठल शिरोडकर, मुंबईतले पुरंदरे, यांच्या नावानं पिशवी न काढता वर बांधून घ्यायची ऑपरेशनं जगभरच्या पुस्तकांत आहेत. ती मुख्यतः कमी वयाच्या, अजून मूल हवं असलेल्या बायकांसाठी, माझ्यासाठी वेगळी लागतील. जाळीचं विचारलं, कारण नणंदेच्या हर्नियाला बसवलीय. तर हर्नियाची गोष्ट वेगळी, या दुखण्यासाठी योनीतून बसवायच्या जाळ्यांची विक्री अमेरिकेनं एप्रिल 2019 मध्ये बंद करायला लावली, असं कळलं. हे सगळं मला वीस मिनिटांत सांगून झालं. बाकी कुणाला वीस मिनिटं का मिळाली नाहीत कोण जाणे.

आता मूळ माल, म्हणजे रिंग.

माझी पडद्याची आहे. मधे पातळ सिलिकॉनचा पडदा, त्याला भोकं. मूत्राशय खाली उतरलेलं असेल तर हा पडदा त्याला टेकू देतो. डॉक्टरांकडे मापाच्या रिंगांचा संच होता. आधी 65 घातली, जिना चढून-उतरून यायला सांगितलं, खोकले आणि सरकली. मग 75. ती राहिली पण दहा मिनिटांत कमरेत कळ यायला लागली. मग 70. कडेनं एक बोट फिरवता आलं पाहिजे, एवढी जागा हवी. पुन्हा जिना, उठबशा, खोकला, आणि शेवटी संडासात जाऊन लघवी करून दाखवायची, म्हणजे झाली हे सांगायचं. लघवी झाल्याशिवाय घरी सोडत नाहीत. हे सगळं होऊन मी बाहेर पॅसेजमध्ये चालत होते तेव्हा लक्षात आलं, मी माझा हात ओटीखाली नेलेला नाही.

घालायची कशी? रिंग दोन बाजूंनी दाबून घडी करायची, चपातीची पहिली घडी घालतो तशी अर्धगोल. टोकाला पाण्यात विरघळणारी जेली, वाटाण्याएवढी. मी एक पाय मोरीच्या कट्ट्यावर ठेवते. घडीची वाटोळी कड मागच्या दिशेनं, कमरेच्या हाडाकडे सरकवायची. सरळ वर नाही. आत गेली की ती स्वतःच उघडते, तेव्हा एक हलकासा धक्का कळतो. मग बोटानं थोडी फिरवायची. काढताना तर्जनी कडेत अडकवायची, जरासं कुंथायचं, तिरकी करून ओढायची. पहिल्या दिवशी काढायला चाळीस मिनिटं लागली आणि मी घामाघूम. आता दोन मिनिटं. नखं मात्र कापलेली हवीत. साध्या साबणानं धुते, पुसते. मला मंगळवार आणि शनिवारी रात्री काढून सकाळी घालायला सांगितलंय. काही जणींना रोज जमतं, ज्यांना स्वतःला काढता येत नाही त्यांना तीन-चार महिन्यांनी दवाखान्यात जाऊन काढून, तपासून, धुऊन परत बसवून घ्यावी लागते. ते चुकवायचं नाही. घालून विसरून गेलेल्या रिंगेनं आतली भिंत खरवडली जाते, फार वर्षं राहिली तर त्यात रुतून बसते. माझ्या खरेदीच्या वहीत तारखा लाल पेनानं आहेत.

चौदा महिने झाले. संध्याकाळी साडेपाचचं जडपण गेलं असं नाही, पण ते आता भरलेल्या पिशवीसारखं नसून रिकाम्या पिशवीसारखं आहे. भाजीची पिशवी म्हणतेय मी. उकडलेलं अंडं गेलं ते गेलंच. लघवी एका बैठकीत होते. महत्त्वाचं, मी परत पाटावर बसून भांडी घासते, म्हणजे घासावी लागतात.

तक्रारी आहेत. अंगावरून पांढरं जास्त जायला लागलं. वास आला नाही, पण रोजचा कपडा बदलावा लागतो. तिसऱ्या महिन्यात एकदा पुसताना लाल ठिपका दिसला. पाळी गेल्यावर लाल दिसलं की थांबायचं नाही असं बजावलेलं होतं, दुसऱ्या दिवशी गेले. कडेला थोडं सोललं होतं. तीन आठवडे रिंग बंद, आणि इस्ट्रिऑल या हार्मोनचं मलम. ते त्यांनी आधीच लिहून दिलं होतं, मीच कंटाळा केला होता. पाळी गेल्यावर आतली कातडी कोरडी पातळ होते, त्यावर सिलिकॉन घासतं. ते तीन आठवडे मला परत सगळं आठवलं. आता मलम आठवड्यातून दोनदा, न चुकता. हे मलम सगळ्यांना चालत नाही, स्तनाचा कॅन्सर वगैरे होऊन गेला असेल तर आधी सांगायचं.

दुसरी तक्रार मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. रिंग बसल्यावर तिसऱ्या दिवशी मी ठेच्याला मिरच्या भाजत होते. ठसका लागला आणि पायाशी ओलं. याआधी कधी असं झालं नव्हतं. मला वाटलं रिंगेनं काहीतरी फाडलं. फोन केला तर डॉक्टर म्हणाल्या, आधी मूत्राशय खाली लोंबल्यामुळे लघवीच्या नळीला मुरड पडली होती, म्हणून गळत नव्हतं. आता ते वर गेलं, मुरड सुटली, आणि मुळातलं सैलपण दिसलं. सांगलीत मिरची भाजल्याशिवाय कुणाचं पोट भरणार? त्यासाठी फिजिओथेरपी.

फिजिओथेरपी म्हटल्यावर मला गुडघ्याचे पट्टे आठवले. या ताई फक्त बायकांचं बघतात. पहिली पाऊण तासाची वेळ एकाच गोष्टीवर गेली: मी खालचे स्नायू आवळतेय की ढकलतेय. मी कुठूनतरी ऐकून महिनाभर ‘किगल’ करत होते, आणि त्यांनी बोट घालून बघितलं तर मी चक्क खाली ढकलत होते. महिनाभर रोज स्वतःचं अंग स्वतःच बाहेर लोटलं. (केगल हे अमेरिकेतल्या डॉक्टरचं आडनाव, 1948 मध्ये त्यांनी हे व्यायाम लिहिले. आमच्या भिशीत त्याला ‘किंगल’ म्हणतात.) वारा अडवतो तसं मागून सुरू करायचं, लघवी अडवतो तसं पुढे आणायचं, आणि वर ओढायचं; पोट, कुल्ले, श्वास मोकळे. आठ मोजेपर्यंत धरायचं, तितकंच सोडायचं. असं दहादा, दिवसातून तीनदा. उपचार कसे करावेत ते सांगणाऱ्या इंग्लंडच्या नाइस या संस्थेनं 2019 मध्ये सांगितलंय की पहिल्या-दुसऱ्या पायरीला किमान सोळा आठवडे कुणाच्यातरी देखरेखीखाली हे करावं. मी आठव्या आठवड्याला ‘काही फरक नाही’ म्हणून सोडायला निघाले होते, तेव्हा त्यांनी हा आकडा तोंडावर टाकला. फरक बाराव्या-तेराव्या आठवड्यात कळला, मिरचीवरच.

मोजायला मी घड्याळ वापरत नाही. चपाती तव्यावर टाकली की आवळायचं, उलटली की सोडायचं. माझ्या आचेवर बरोबर आठ होतात. ताईंना सांगितलं तर खूश झाल्या आणि लगेच दटावलंही, साडेतीनशे चपात्यांना करू नका, स्नायू दमला की उलट सैल पडतो. म्हणून प्रत्येक घाण्याच्या पहिल्या दहा. मावशींना वाटतं मी पहिल्या दहा चपात्या मोजते. मोजतेच की.

आणखी एक शिकवलं, ते सगळ्यात कामाचं. काही उचलायच्या, शिंकायच्या, खोकायच्या आधी आवळायचं. आधी. भरलेलं पातेलं उतरवताना श्वास कोंडून उचलायची माझी तीस वर्षांची सवय, ती मोडायला सगळ्यात जास्त दिवस लागले. 19 किलोचा कमर्शियल सिलिंडर मी गरागरा फिरवत आत आणायचे, आता गाडीवाल्या पोराला वीस रुपये जादा देते. पिठाचा डबा पाच-पाच किलोच्या तीन डब्यांत वाटला. कणीक मळायचं मशीन जुनं विकत घेतलं. आमच्या ह्यांना आधी ते चैन वाटलं. त्यांना मी आरसा देऊ का विचारलं. मग गप्प बसले.

संडासात कुंथायचं नाही. रात्री इसबगोल, आणि शी होताना बोटानं रिंग धरून ठेवायची, म्हणजे टप्पकन होत नाही. हा अनुभवाचा सल्ला.

नवरा-बायकोचं बऱ्याच जणींना विचारायचं असतं, म्हणून: काढून ठेवता येते, आणि ही पडद्याची रिंग आत असली तरी चालतं, असं डॉक्टर म्हणाल्या. आमचं काय ते इथं सांगत नाही.

खर्च. रिंग 1,450. सांगलीत चार मेडिकल पालथी घातली, तिघांनी ‘कसली रिंग?’ विचारलं, चौथ्यानं काउंटरवरच्या पोराला मोठ्यानं सांगितलं, ती बायकांची, अंग येतं ती. सगळं दुकान वळलं. शेवटी डॉक्टरांनीच मागवून दिली. तपासणी 600, फिजिओथेरपी सात वेळा, दर वेळी 500. तिसऱ्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा जो आकडा सांगितला होता त्याच्या पासंगालाही हे नाही.

रिंगेला पाचातले चार. एक कापला तो पांढऱ्याचा आणि मलमाच्या कटकटीचा. फिजिओथेरपीच्या ताईंना पाच, पण त्यांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, अंग येणाऱ्या बायका जिने चढून येतात, हे त्यांनाही सांगून झालंय. ऑनलाइनच्या त्या 60 च्या रिंगेचं पॅकिंग मात्र खरंच छान होतं.

पुढची तपासणी येत्या गुरुवारी आहे. रिसेप्शनवरच्या मुलीनं सकाळी साडेदहाची जागा रिकामी आहे म्हणून सांगितलं. मी संध्याकाळी सातचीच घेतली, रात्रीच्या चपात्या लाटून जाईन.